उरलेलं पुरून टाक

उकळलं की शुद्ध झालं, ही आपली फार जुनी समजूत. अग्नीच्या तोंडून जे गेलं त्याला दोष उरत नाही, असं आपण धरून चालतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली मीही त्याच समजुतीतली. पाणी उकळून प्या, दूध उकळून घ्या, हे मी जितक्यांदा म्हटलं असेल तितक्यांदा देवाचं नावही घेतलं नसेल. त्यामुळे स्टॅफिलोकॉकस या जंतूची एक खोड मला अजूनही अस्वस्थ करते. हा जंतू उकळीत मरतो, पण मरण्याआधी त्यानं अन्नात जे विष सोडलेलं असतं ते मरत नाही. अर्धा तास रटरटा शिजवा, विष जागच्या जागी. करणारा गेला आणि केलेलं उरलं. कर्माचा हिशेब ज्याचा त्यानं चुकवायचा असं आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ज्यानं केलं तो संपलेला, ज्याच्या हातून ते अन्नात गेलं तो ठणठणीत, आणि भोगणारा तिसराच. तोही बहुधा हात जोडून, प्रसाद म्हणून खाल्लेला.

मग दोष कुणाचा? नकळत झालेलं पाप हे पाप धरायचं का? धर्मशास्त्राच्या पोथ्यांत यावर पुष्कळ खल आहे. माझ्या वाट्याला हा प्रश्न दवाखान्याच्या व्हरांड्यात आला, आणि तो विचारणारी माणसं भांडायच्या तयारीनं आली होती.

कृष्णाकाठचं गाव. हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन आटोपून पंगती बसल्या तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. तीनच्या सुमाराला ट्रॅक्टरची पहिली ट्रॉली आमच्या फाटकातून आत आली. एरवी ऊस वाहणाऱ्या त्या ट्रॉलीत म्हातारीकोतारी, पोरं, फेटेवाले टाळकरी, सगळे एकमेकांच्या अंगावर ओकत पडलेले. चारपर्यंत व्हरांडा भरला, मग ओटा, मग बाहेरचा पार. उलट्यांचा जोर असा की माणसाला मान वर करता येईना. पोटात कळा, काहींना मागोमाग जुलाब. ताप मात्र जवळजवळ कुणालाच नाही.

अशा वेळी नाडी बघता बघता दोनच गोष्टी विचारत जायचं. जेवलात किती वाजता, आणि पहिली उलटी किती वाजता? विषबाधेत घड्याळ हेच निम्मं निदान. जेवणानंतर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांच्या आत, बहुतेकांना दोन-चार तासांतच, सणसणीत उलट्या सुरू झाल्या आणि अंगात ताप नाही, तर विष बाहेरच तयार होऊन पोटात गेलेलं आहे असं समजावं. साल्मोनेलासारखा जंतू आधी आतड्यात जाऊन वाढतो. त्याला बहुधा रात्र तरी जावी लागते आणि तो ताप घेऊन येतो. शिळ्या भातातला बॅसिलस सीरियस मात्र स्टॅफसारखाच घाईचा, म्हणून भाताची चौकशी केली. भात पंगतीला लावूनच उतरवला होता. एकादशी असती तर सगळ्यांनी भगरीवर बोट ठेवलं असतं, पण ते प्रकरण बुरशीचं, आणि त्या दिवशी उपवास कुणालाच नव्हता.

दुसरा प्रश्न, काय काय खाल्लं. इथे मला एक गंमत सापडली. मधुमेहाचे माझे नेहमीचे पेशंट, सप्ताहात पहारा दिलेले, त्याच पंगतीत बसलेले, धडधाकट होते आणि उलट दुसऱ्यांना आधार देऊन आणत होते. आमटी, भात, भाजी सगळं त्यांनी खाल्लं होतं. गव्हाची खीर तेवढी घेतली नव्हती, बाईंनी गोड बंद केलंय म्हणून. इतकं आज्ञाधारक मी त्यांना आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

उपचाराचं फार सांगण्यासारखं नाही. अंगातलं पाणी आणि मीठ भरून काढायचं, बस्स. ज्याच्या पोटात टिकतंय त्याला जलसंजीवनी घोट घोट, चमच्या चमच्यानं. पोरं आणि म्हातारी माणसं, ज्यांचा रक्तदाब उतरलाय, लघवी थांबलीय, त्यांना सलाईन. उलटी थांबायचं औषध. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे हजारो रोगी जगवले. त्या माणसाचे उपकार अशा संध्याकाळी फार आठवतात. लोकांची मागणी मात्र एकच, "बाई, जरा जोरातलं इंजेक्शन द्या की." अँटिबायोटिक देऊन मी मारणार कुणाला? पोटात उपद्रव करतोय तो जंतू नव्हे, त्याचं मागे राहिलेलं काम. त्याला औषध नाही, ते शरीर आपणहून बाहेर टाकतं. एक मायक्रोग्रॅमहूनही कमी विष मोठ्या माणसाला आडवं करायला पुरतं. ते आतड्यातल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चिथावतं, आणि दिवस उलटायच्या आत बहुतेक जण उठून बसतात. झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मा व्हरांडा चहा मागत होता.

पोट रिकामं झाल्यावर माणसाला दोषी शोधायची भूक लागते. रात्री आठच्या सुमाराला गावातली चार वजनदार माणसं माझ्या खोलीत आली. त्यांचा तपास पुरा झाला होता. आदल्या दिवशी देवळात गहू निवडायला बसलेल्या बायकांत एक सून होती, नवीनच लग्न होऊन आलेली, आणि तिला कावळा शिवला होता. तिनं सांगितलं नाही. देवाच्या अन्नाला विटाळ झाला, देवानं दाखवून दिलं. ती सूनही ट्रॉलीतूनच आलेली, कोपऱ्यात सलाईन लावून पडलेली, आणि सासू तिच्याकडे पाठ करून बसलेली. तिला स्वतःलाही उलट्या होत होत्या, हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं. शिक्षा तिलाही मिळालीच होती ना!

माझा आवाज त्या रात्री चढला. खिरीचा इतिहास मी तोवर आचाऱ्याकडून काढून घेतलेला होता. हे आण्णा, पंचक्रोशीतल्या सप्ताहांत पैसे न घेता सेवा म्हणून स्वयंपाक करणारे, माळकरी. खीर आदल्या रात्रीच काहिलीत शिजवली, कारण सकाळी आमटी-भाताला चुली लागणार. गूळ, खसखस, वेलदोडा पडला. रात्री दहाच्या पुढं, खीर कोमट झाल्यावर, ओलं खोबरं खवून आत घातलं आणि हातानं काठाकाठानं सारखं केलं. वर धोतराचं पान टाकलं. चैत्रातली रात्र. एवढी मोठी काहील मधून निवायला किती वेळ घेते ते कुणी हात घालून पाहावं, पहाटेपर्यंत पोटात ऊब असते. जंतूला वाढायला याहून बरी जागा नाही. गोडाला तो घाबरत नाही, खारटाला तर मुळीच नाही. सकाळी खीर पुन्हा चांगली रटरटवली आणि वाढायच्या वेळी वरून दूध घातलं. आण्णांच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालेलं होतं, हळद लावून चिंधी गुंडाळलेली. चिंधी सोडली तेव्हा नखाच्या कडेला पिवळा पू मला कंदिलातही दिसला असता.

काहिलीच्या तळाची खीर तपासायला गेली. पुढं अहवाल आला की जंतू वाढला नाही. येणारच होता तसा, सकाळच्या उकळीनं जंतू मारलेले होते आणि विषाची वेगळी चाचणी तेव्हा आमच्याकडे होत नव्हती. म्हणजे कागदावर खीर निर्दोष! आण्णांच्या अंगठ्यातल्या पुवात आणि नाकात मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला. वकिलानं हा पुरावा दोन मिनिटांत फाडला असता. पण घड्याळ, खीर न खाल्लेले मधुमेही आणि तो अंगठा एकत्र ठेवल्यावर मला शंका उरली नाही.

त्या रात्री त्या चौघांना हे सांगायला सुरुवात केली आणि निम्म्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करतेय. एका पोरीच्या डोक्यावरचं गाठोडं उचलून मी ते एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवत होते. गावाच्या लेखी प्रश्न एकच होता, पापी कोण. माझं उत्तर शास्त्राचं असलं तरी त्या प्रश्नाच्या खोबणीत ते बरोबर बसलं असतं. आण्णा दारातच उभे होते. म्हणाले, "बाई, मग माझ्या हातनं देवाच्या अन्नात इख पडलं म्हणायचं?"

कारण सांगणं वेगळं आणि दोष देणं वेगळं, हे म्हणायला सोपं. वैद्यकाचा इतिहास पाहिला तर कारण शोधणाऱ्यांनी तरी दोष कुणाला दिलेला दिसत नाही. 1880 च्या सुमाराला अ‍ॅबर्डीनचा शल्यवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यानं गळवांच्या पुवात द्राक्षांच्या घोसासारखे हे जंतू पाहिले. 1914 मध्ये फिलिपिन्समध्ये एम. ए. बार्बर हा गृहस्थ एका गाईच्या दुधानं वारंवार आजारी पडायचा. ताजं दूध प्यायलं की काही नाही, तेच काही तास घरातल्या उष्णतेत राहिलं की उलट्या. त्यानं ते दूध तसंच ठेवून पुन्हा स्वतः पिऊन पाहिलं. गाय दिसायला निरोगी होती, कासेत जंतू होता. 1930 मध्ये शिकागोच्या गेल डॅकनं क्रीमच्या केकमधल्या जंतूचा अर्क गाळून, त्यात एकही जिवंत जंतू न ठेवता, माणसांना दिला आणि उलट्या झाल्या. विष जंतूपासून वेगळं असतं, हे तिथे पक्कं झालं. बार्बरला गाईचा राग आल्याचं कुठं नोंदलेलं नाही.

राग धरायचाच तर धरायचा किती जणांवर? दर तीन-चार माणसांमागं एकाच्या नाकात हा जंतू सुखानं राहतो, त्याला काही न करता. त्यात सोवळ्यातला असतो, ओवळ्यातला असतो. मी ज्या घरात वाढले तिथे नैवेद्याचा स्वयंपाक धाबळी नेसून होई. आजी ओलेत्यानं पाणी भरायची आणि आम्हा पोरांची सावलीसुद्धा चुलीवर पडू द्यायची नाही. पण तिला सर्दी झाली की पदरानं नाक पुसून तोच हात कणकेत जाई. सोवळ्यानं कुणाकुणाला चुलीपासून लांब ठेवलं याची यादी मोठी आणि लाजिरवाणी आहे. ज्याला ठेवायला हवं होतं तो त्या यादीत कधी नव्हताच. तरीही मी सोवळं हसण्यावारी नेत नाही. अन्नाला हात लावण्याआधी स्वतःकडे बघावं, ही त्यातली मूळ गोष्ट खरी आहे. फक्त बघायची जागा चुकली. जात बघितली, विटाळ बघितला, अंगठा नाही बघितला.

याच जंतूनं आणखी एक धडा दिला, तो तान्ह्या बाळांकडून. अंग लालेलाल, पांघरूण लागलं तरी किंचाळणारं, पंधरा-वीस दिवसांचं पोर घेऊन आजी यायची आणि दारातूनच सांगायची, "देवी आल्यात, सुई लावू नका." देवीचा रोग 1975 सालीच या देशातून गेला, पण आजीच्या मनातून कसा जाणार? बाळाच्या काखेशी बोट हलकेच घासलं तर वरची कातडी ओल्या पापुद्र्यासारखी सरकायची. प्रागच्या रिटर यानं 1878 मध्ये अशी शेकडो बाळं पाहून हा आजार लिहून ठेवला. पण खरी गोष्ट पुढं आहे. जिथली कातडी सोलवटलेली असते, त्या फोडांत जंतू सापडत नाही. तो असतो बेंबीत, नाकात, नाहीतर चिकटलेल्या डोळ्याच्या कडेला, थोडासा, दिसेल न दिसेल इतका. तिथून त्याचं विष रक्तातून सगळीकडे जातं आणि कातडीच्या वरच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं एकच प्रथिन नेमकं कापतं. क्लॉक्सासिलीनसारखं औषध शिरेतून, पाणी, ऊब, आणि अंगाला कमीत कमी हात. कातडी वरचीच गेलेली असते, त्यामुळे आठ-दहा दिवसांत बाळ व्रण न राहता बरं होतं. आजीनं देवी समजून त्याला मऊ धडप्यात ठेवलं, चोळामोळ केली नाही, त्यात तिचं चुकलं नव्हतं. पण दुखणं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर खिरीच्या वेळी गावकऱ्यांनी गव्हाकडे बोट दाखवलं तेव्हा मला बेंबी आठवली.

आणि विटाळाचं म्हणाल तर या जंतूचं तिसरं विषही आहे. 1978 मध्ये डेन्व्हरच्या जेम्स टॉड यांनी काही मुलांत एक आजार वर्णिला, टॉक्सिक शॉक सिंड्रोम. एकाएकी मोठा ताप, उन्हानं भाजल्यासारखं लाल अंग, उलट्या-जुलाब, आणि रक्तदाब असा कोसळतो की मूत्रपिंडं बंद पडतात. वाचलेल्यांची तळहाता-तळपायाची कातडी एक-दोन आठवड्यांनी निघते. 1980 मध्ये अमेरिकेत हाच आजार पाळीतल्या तरुण बायकांत झपाट्यानं दिसला. खूप शोषून घेणारे टॅम्पॉन बराच वेळ आत ठेवल्यानं जंतूला विष करायला सोयीची जागा मिळत होती. ते टॅम्पॉन बाजारातून काढले, वापराचे नियम बदलले, आजार उतरला. पाळीच्या रक्तात काही वाईट असतं असं तिथे कुणी सिद्ध केलं नाही. टॅम्पॉन वाईट निघाला. नाकातल्या जखमेत कोंबलेल्या पट्टीनं, भाजल्याच्या जखमेनं, पुरुषालाही तो होतो. आता आपल्याकडच्या शहरांत मुली टॅम्पॉन आणि कप वापरू लागल्यात, त्यांनी जरूर वापरावेत, पण पाळीत असा ताप, लाली आणि चक्कर आली तर आधी ते काढून टाकावं आणि लाजत न बसता दवाखाना गाठावा. तिथे सलाईन भरपूर लागतं, आणि जंतू मारणाऱ्या औषधाबरोबर क्लिंडामायसिन देतात, कारण ते जंतूचं विष तयार करणंच थांबवतं. या आजारात नाश बहुतांशी शरीर स्वतःच करतं. विष आपल्या रक्षक पेशींना अशी खोटी हाक देतं की ज्या हजारोंत एखादीनं उठायचं तिथे पाचातली एक उठते आणि सगळा मुलूख पेटवते. दोषी शोधायला निघालेल्या गावाचं वागणं याहून फार वेगळं नसतं.

शेजारी आमच्या एक जैन काकू होत्या. अंधार पडल्यावर जेवायच्या नाहीत, पाणी गाळून उकळून, कालच्या पदार्थाला शिवायच्या नाहीत. खिरीची गोष्ट त्यांना सांगितली तर म्हणाल्या, "आमच्याकडे म्हणतात प्रमाद. जीव मेला म्हणून हिंसा नाही, बेसावधपणे वागलो म्हणून हिंसा." उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या खरंच अशी प्रमादाशी बांधलेली आहे. मला ती आवडते. हेतू नव्हता एवढं म्हणून ती माणसाला मोकळं सोडत नाही, आणि परिणाम वाईट झाला एवढ्यानं फासावरही देत नाही. आण्णांना अंगठा दुखत होता हे ठाऊक होतं. त्या पुवात काय आहे हे ठाऊक नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम कुणाचं होतं? आरोग्यखात्याचं. म्हणजे माझंही.

1975 च्या फेब्रुवारीत टोकियोहून पॅरिसला निघालेल्या एका विमानात जवळजवळ दोनशे माणसं न्याहारीनंतर अशीच आडवी झाली. अलास्कात अँकरेजला हॅम घातलेली ऑम्लेटं चढवली होती. तिथल्या एका आचाऱ्याच्या बोटांना पिकलेल्या जखमा होत्या, आणि ती ऑम्लेटं तासन् तास पुरेशा थंडाव्याशिवाय राहिली होती. विषानं एकही प्रवासी दगावला नाही. दगावला तो खानपान व्यवस्थेचा प्रमुख. आपल्या माणसाच्या हातून हे झालं हे कळल्यावर त्यानं स्वतःचा जीव घेतला. स्टॅफच्या विषबाधेवरची कुठलीही चर्चा ऐकली की मला तो आठवतो. त्याच्यापर्यंत वेळेवर कुणी का पोहोचलं नाही?

असा निरोप वेळेवर धाडल्याची एक गोष्ट आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. महापरिनिब्बान सुत्तात ती येते. पावा गावचा चुंद, लोहाराचा मुलगा, यानं आपल्या आंबराईत उतरलेल्या बुद्धाला घरी जेवायला बोलावलं. सूकरमद्दव नावाचा पदार्थ केला होता. तो डुकराचं मांस की आणखी काही, यावर पंडितांनी रकानेच्या रकाने लिहिलेत, आपल्या धर्मानंद कोसंबींनीही 'भगवान बुद्ध'मध्ये तो विषय घेतला आहे. मला त्या पदार्थापेक्षा त्यानंतरचं वागणं महत्त्वाचं वाटतं. बुद्धानं तो पदार्थ आपल्याच पानात वाढायला सांगितला, भिक्षूंना दुसरं वाढ म्हणाला, आणि उरलेलं खड्ड्यात पुरून टाक म्हणाला. मग रक्ताचे जुलाब लागले. तो आजार स्टॅफचा नव्हे, एवढं मी डॉक्टर म्हणून सांगते. पलीकडचं निदान इतक्या लांबून करायला मी बसणार नाही. कुसिनाऱ्याच्या वाटेवर, अंगात त्राण नसताना, त्याला काळजी चुंदाची. आनंदाला त्यानं बजावलं की उद्या लोक चुंदाला बोल लावतील, तुझ्या अन्नानं तथागत गेले म्हणतील. त्याचं मन तू निवव. ज्या भिक्षेनंतर बोधी मिळाली आणि जिच्यानंतर परिनिर्वाण, त्या दोन्ही भिक्षांचं पुण्य सारखंच थोर, असं त्याला सांग.

प्रवचनात ही गोष्ट सांगतात तेव्हा क्षमेपाशी थांबतात. माझं मन खड्ड्यापाशी थांबतं. चुंदाला एक शब्द लागू दिला नाही आणि अन्नाला एक घास सूट दिली नाही. आपण नेमकं उलट करतो. माणसाला गाडतो आणि अन्न वाटून टाकतो, प्रसाद टाकायचा नसतो म्हणून.

आण्णांना मी ही गोष्ट सांगितली. माळकरी माणूस, बुद्धाचं नाव निघाल्यावर जरा सावरून बसले, पण ऐकलं सगळं. शेवटी म्हणाले, "चुंदाला आनंदानं निरोप दिला. गावाला कोण सांगंल?" मी महाराजांना गाठलं, त्या सप्ताहात काल्याचं कीर्तन केलेले कीर्तनकार, पेशानं शिक्षक. तेही खीर खाऊन रात्रभर लोळले होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं. त्यांनी पुढच्या एकादशीला देवळात उभं राहून सांगितलं की खिरीला वेळेनं आणि जखमेनं बाधा झाली, विटाळानं नाही, आणि आण्णांची सेवा पांडुरंगाला रुजू आहे. सुनेचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. संशय नाव घेऊन पसरला होता, खुलासा मात्र मोघम झाला. ती पोर पुढं दोन वेळा बाळंतपणाला माझ्याकडेच आली, सासूबरोबर नाही, आईबरोबर.

खरी ओढाताण झाली ती पुढच्या वर्षी. खीर पहाटे शिजवायची, खोबरं चुलीवर असतानाच घालायचं, हाताला जखम असेल त्यानं लाकडं ओढायची, एवढं सगळ्यांनी कबूल केलं. पंगती उठल्यावर उरलेल्या खिरीवर गाडी अडली. बायका डबे घेऊन उभ्या, लेकीला न्यायचं, शेतावर गड्यांना न्यायचं. मी म्हटलं, दोन तासांवर झाले, आता पुरा. पाटील म्हणाले, "बाई, देवाचा प्रसाद मातीत?" महाराज हसून म्हणाले, "आणि बाई, मग आमची शिळासप्तम काय करायची?" मी म्हटलं, सप्तमीला कोरडं खा, पातळ नको, शीतळादेवी रागावणार नाही. पण महाराजांनी मग मला न सुचलेलं बोलून दाखवलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहारात प्रहर उलटून गेलेलं अन्न मोजलंय. प्रसाद झाला तरी त्याला घड्याळ आहे. आणि निर्माल्य आपण कुठं टाकतो, मातीत नाहीतर पाण्यात, तो काही अपमान नाही.

निम्म्या बायकांना पटलं. देवळामागं चिंचेखाली खड्डा काढला, आण्णांनीच स्वतः काहील कलंडली, वर माती ओढली. उरलेल्या निम्म्या माझ्याकडे पाठ करून डबे भरत होत्या. एकीला मी विचारलं, हे कधी खाणार? म्हणाली, "संध्याकाळी, बाई. गरम करून."